गीझरला एरंडेल

घरातल्या यंत्रांचे माझ्या मते दोनच वर्ग पडतात. बोलणारी आणि न बोलणारी. मिक्सर बोलतो, आणि तो बोलायला लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. पंखा कुरकुरतो, फ्रिज रात्री-अपरात्री कण्हतो आणि कपडे धुण्याचं यंत्र पिळण्याच्या अवस्थेला पोचलं म्हणजे खालच्या मजल्यावरची मंडळीसुद्धा आमच्याशी बोलायला वर येतात. न बोलणाऱ्यांच्या वर्गात गीझर हा जवळजवळ एकटाच. बाथरूमच्या कोपऱ्यात छताला डोकं टेकवून तो कैलासवासी काकांच्या तसबिरीसारखा टांगलेला असतो. तसबिरीला निदान सणावाराला हार मिळतो. खंडेनवमीला आम्ही शिवणयंत्राला झेंडू वाहतो, स्कूटरला वाहतो, अडकित्त्याला वाहतो. पण गीझरला फूल वाहिल्याचं मी अजून कुठल्याही घरात पाहिलेलं नाही. एक तर हात पोचत नाही. आणि दुसरं म्हणजे अंघोळ करताना माणूस वर बघत नाही. बघितलंच तर डोळ्यांत साबण असतो.

आमचा गीझर १९९९ सालचा. पंचवीस लिटरचा, उभट, एके काळी पांढरा. आता त्याला चांगल्या खरवसाचा रंग आला आहे. वडील निवृत्त झाले तेव्हा जी काही रक्कम हातात पडली तिच्यातून त्यांनी तो घेतला आणि "आता या घरात थंडीत कोणी कुडकुडायचं नाही" अशी घोषणा केली. पुढची कितीतरी वर्षं कोणी कुडकुडलं नाही. असा हा मितभाषी गीझर गेल्या ऑक्टोबरात, नवरात्र आटोपून दिवाळीचे वेध लागलेले असताना, एकदम बोलायला लागला.

सुरुवातीला नुसतं कुर्र कुर्र. मग भट्टीवर चुरमुरे फुटावेत तसा आवाज. मग आत कोणीतरी खडी वाळतं आहे असा. आणि बोलणाऱ्या माणसाचं कामावरचं लक्ष उडतं त्याप्रमाणे त्याचंही उडालं. पहिल्याला कढत पाणी, दुसऱ्याला कोमट आणि तिसऱ्याला तत्त्वज्ञान, असा वाटपाचा क्रम सुरू झाला. आमच्या घरात माणसं पाच. त्यांत आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ती सगळ्यांच्या शेवटी अंघोळ करते, कारण "तुम्हाला घाई असते, मला कुठं ऑफिसला जायचंय?" म्हणजे तत्त्वज्ञानाच्याही पुढचं जे काही असेल ते तिच्या वाट्याला.

रविवारी सकाळी घरात परिषद भरली. सौ.चं म्हणणं, नवीन घ्या. चिरंजीवांनी फोनवर बारा-पंधरा गीझर काढून दाखवले. त्यांतला एक हाक मारल्यावर चालू होणारा होता. (आमच्या घरात हाक मारल्यावर माणसंसुद्धा चालू होत नाहीत, तिथे गीझर!) सौ.चा धाकटा भाऊ आला होता. कोणत्याही यंत्राविषयी त्याला एक मत असतंच. तो म्हणाला, "दाजी, सात-आठ वर्षांच्या वर गीझर कोणी ठेवतं का? ह्याची पंचविशी उलटली. जुनं झालं की काढून टाकावं. उगीच घरात ठेवून कधी दगा देईल सांगता येत नाही."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. फक्त पानं आणि काड्या यांच्या ढिगांची थोडी अदलाबदल झाल्यासारखं मला वाटलं. सौ.ने भावाकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेवर पंचवीस लिटर पाणी सहज तापलं असतं. थोड्या वेळाने आईच बोलली.

"त्याचं पोट कधी साफ केलंय का?"

आमच्या लहानपणी ज्या घरांत महिन्यातून एका रविवारी पहाटे मुलांना ओळीने बसवून एरंडेल पाजलं जायचं, त्या घरांतलं माणूसच हा प्रश्न विचारू शकतं. डोकं दुखो, दात दुखो की गणितात नापास होवो, दोष पोटाचा आणि उपाय एरंडेल. आम्ही त्या उपायाला भीत असू. पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर आईचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. गीझरला होतो तो आजार पोटाचाच.

आमच्या सोसायटीच्या टाकीत त्रिवेणी संगम आहे. कॉर्पोरेशनचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी. खडकवासल्याचं पाणी मुळात मवाळ. साबणाला लगेच फेस येतो. बोअरचं पाणी मात्र आपल्या काळ्या खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम नि मॅग्नेशियमचे क्षार पदरात बांधून आणतं. गार असेपर्यंत ते गुण्यागोविंदाने विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि क्षार चुन्याच्या रूपाने तळाशी बसतात. आंध्रातल्या बोरा गुहांत छतापासून जे चुन्याचे खांब लोंबतात, ते जवळपास याच रसायनाने. तिथे निसर्गाला लाखो वर्षं लागली आणि आता तिकीट काढून लोक बघायला जातात. आमच्या बाथरूममध्ये तेच काम दोन हजार वॅटच्या एलिमेंटने काही वर्षांत उरकलं, तर त्याचं कौतुक नाही!

हा थर एलिमेंटवर चढला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती थर फोडून बाहेर पडते. चुरमुरे फुटतात ते हे. शेजारीच थर्मोस्टॅटची नळी. तिच्यावरही तीच पुटं. पाणी किती तापलं हे सांगण्याची नोकरी थर्मोस्टॅटची; पण फायलींच्या ढिगाऱ्यात गाडलेल्या हेडक्लार्कला जसं बाहेर पाऊस पडतोय की ऊन हे कळत नाही, तसं त्याचं होतं. शेजारच्या एलिमेंटचा चटका लागला की त्याला वाटतं, काम झालं. तो वीज तोडून मोकळा होतो. पाणी बिचारं कोमटच.

आता प्रश्न असा येईल की इतकी वर्षं ही सफाई झाली नव्हती का. वडील होते तोवर दर दोन वर्षांनी होत असे. दिवाळीच्या आधी ते स्वतः माणूस बोलावून टाकी उपसायला लावत आणि गीझरच्या कुशीवर, सहज दिसणार नाही अशा जागी, काळ्या पेनने तारीख घालत. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तारीख घातल्याशिवाय कुठलंही काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही. २००१, २००३, २००५... शेवटची २०१३. त्यानंतर आम्ही एका कंपनीशी वार्षिक देखभालीचा करार केला. दर वर्षी गणवेशातला एक नम्र तरुण यायचा, स्टुलावर चढायचा, गीझरला कलिंगड बघतात तसं बोटांनी वाजवून बघायचा, "ओके आहे सर" म्हणायचा, एक स्टिकर चिकटवायचा आणि सही घेऊन जायचा. स्टिकर दर वर्षी नवा आणि चकचकीत. आतली गुहाही त्याच वेगाने वाढत होती. पावत्या मात्र आमच्याकडे सगळ्या आहेत.

परिषदेत शेजारच्या नानांनी दारातूनच एक उपसूचना मांडली. "गॅसचा बसवा हो. बटण दाबलं की कढत पाणी. टाकी नको नि सफाई नको." बाकी कशावर नाही तरी या मुद्द्यावर मी ठाम होतो. गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये लावला की तो खोलीतली हवा खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग ना वास. थंडीचे दिवस आले की वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात ती बातमी येतेच: अंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही. हे यंत्र ज्यांना हवंच असेल त्यांनी ते बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावं. गंमत म्हणजे मुळातला गीझर गॅसचाच. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या गृहस्थाने घरगुती पाणी तापवण्याचं यंत्र काढलं आणि आइसलँडमधल्या 'गेसिर' या उसळत्या उन्हाळ्यावरून त्याचं नाव 'गीझर' ठेवलं. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर न्यायला धुराडंच नव्हतं. इंग्रज गेले, पण शब्द आपल्याकडे राहिला. अमेरिकेत त्याला 'वॉटर हीटर' म्हणतात. आपल्याकडे वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला, राजापूरजवळच्या उन्हाळ्यांना निसर्गाचे गीझर पूर्वीपासून आहेत. त्यांना ना वॉरंटी ना स्टिकर. आणि ते गप्पपणे चालू आहेत.

आईने मात्र धुराड्याचं ऐकून लगेच विचारलं, "बिनधुराड्याचं? मग त्यापेक्षा आमचा बंब शहाणा."

बंब! ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना 'बंब' म्हटलं की आग विझवायला येतो तो आठवतो. आमच्या वाड्यातला बंब हा आग पेटवण्यासाठी होता. तांब्याचा, पोटाशी गोल, मधोमध आरपार धुराडं, खाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि कुशीत पितळेची तोटी. न्हाणीघराच्या दाराबाहेर, चौकाच्या उघड्या बाजूला त्याचं आसन. धूर थेट आभाळात. त्याच्या तोंडात काय काय जायचं! वखारीतून आणलेला बंबफोड तर होताच. शिवाय करवंट्या, चिपाडं, कणसांची बुरकुंडं, जुन्या वह्या आणि एकदा माझं प्रगतिपुस्तक. (ते चुकून गेलं, असं घरात मानलं जातं.) सकाळी पाचला आई उठायची ती आधी राख काढायला. राख काढल्याशिवाय खालून हवा लागत नाही आणि हवा लागल्याशिवाय जाळ धरत नाही. शनिवारी चिंचेने घासून त्याला असा लखलखीत करायची की दारात आलेला पाहुणा आधी बंबात तोंड बघून केस सारखे करायचा. आतून कल्हई. आणि न्हाणीत गेलेल्या माणसाने "विसण!" अशी आरोळी ठोकली की कढत पाण्यात घालायला गार पाण्याची कळशी घेऊन कोणीतरी धावायचं. बंबाचा घरातल्या प्रत्येकाशी दिवसातून एकदा तरी संबंध यायचा. कोणाचे हात काळे व्हायचे, कोणाचे डोळे लाल.

बंबाचा नियम एकच होता आणि तो आईने आम्हाला परवच्याबरोबर शिकवला होता: आधी पाणी, मग विस्तव. समोरच्या बिऱ्हाडात एकदा नव्या सुनेने रिकामा बंब पेटवला. पाव तासात त्याचे सांधे सुटले आणि नंतर ओतलेलं पाणी चहूकडून कारंज्यासारखं उडालं. तो बंब पुन्हा उभा राहिला नाही. सुनेचंही त्या घरात नीट बस्तान बसायला बरीच वर्षं लागली.

असो. आईच्या प्रश्नाने परिषदेचा निकाल लागला. आधी पोट साफ करून बघायचं आणि नाहीच जमलं तर नवा आणायचा. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या बाजूच्या पट्टामुंडईने देशभराला इतके प्लंबर पुरवले आहेत की आपल्याकडे गोव्याने गवई द्यावेत तसं ते गाव आहे. वीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे तो मराठी बोलतो, आणि पुण्यात शिकलेला असल्यामुळे बोलताना आधी 'नाही' म्हणतो.

"नाही होणार काका," तो गीझरकडे बघून म्हणाला. मग बाही सारली आणि कामाला लागला.

आदल्या रात्रीपासून गीझर बंद ठेवायला त्याने सांगितलं होतं. कढत टाकी उपसणं म्हणजे हातपाय पोळून घेणं. आता त्याने आधी मेन बोर्डावरचा खटका पाडला, मग प्लग काढला, मग गार पाण्याची चावी बंद केली आणि गरम पाण्याचा नळ सोडला. नळातून एक उसासा आला आणि काहीच आलं नाही. मेहुणा विजयी मुद्रेने म्हणाला, "बघा! रिकामाच आहे."

पुष्कळांचा असा समज असतो की नळ सोडला की गीझर रिकामा होतो. होत नाही. गार पाणी खालून आत शिरतं आणि वरच्या गरम पाण्याला ढकलतं. ते ढकललेलं पाणी आपल्या बादलीत येतं. मागचा दाब असल्याशिवाय पुढचा हलत नाही, हे सरकारी खात्याचं तत्त्व इथेही आहे. गार पाणी बंद केलं की टाकी पोटभर पाणी घेऊन स्वस्थ बसते. तिला रिकामी करायची तर खालची, पाणी आत येण्याची वाटच सोडवावी लागते; आणि वरचा नळ उघडा ठेवायचा तो पाणी यायला नव्हे, हवा जायला.

पान्याने खालचा जोड सुटला आणि बादली लावली. पहिली अर्धी बादली निर्मळ. मग चहा. मग ताक. मग एकदम काहीच नाही. प्लंबरने स्क्रू ड्रायव्हर घालून ढोसलं, तसे पांढरे पापुद्रे, खडे आणि चिखल यांचा लोंढा धबधबा खाली आला. आई बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक बादलीला "अजून आहे, अजून आहे" म्हणत होती. एरंडेलाच्या रविवारी ती अशीच बसायची.

मग खालचं झाकण उघडून एलिमेंट बाहेर काढलं. संक्रांतीच्या हलव्यावर जसा काटा फुलतो तसा त्याच्यावर फुलला होता. चांगली सुगरण मत्सर करील असा. ठोकून, खरवडून जे निघालं ते सगळं चिरंजीवांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. नऊशे वीस ग्रॅम! गेली काही वर्षं आम्ही जवळजवळ किलोभर दगड रोज नेमाने तापवत होतो आणि त्याचं वीजबिल भरत होतो. एलिमेंट नंतर लिंबाच्या फुलाच्या पाण्यात बुडवलं. लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक ॲसिड, सौ. ढोकळ्यात घालते तेच. चुना आणि आम्ल यांची भेट झाली, सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं आणि तासाभराने आतलं धातूचं अंग दिसायला लागलं.

"हा बघा रॉड," प्लंबर म्हणाला आणि त्याने हातावर एक वाकडी तार ठेवली. मासा खाऊन झाल्यावर पानात राहतो त्या काट्यासारखी.

ही आमच्या गीझरची सगळ्यांत हृदयद्रावक वस्तू. टाकी लोखंडाची, आतून काचेचा मुलामा. मुलाम्याला बारीक चिरा असतातच. तिथे पाणी लागलं की लोखंड गंजणार. म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी सोडतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा चटकन झिजणारं. गंजाची भूक ते स्वतःवर घेतं आणि लोखंडाला वाचवतं. ते संपलं की टाकीची पाळी. ही युक्ती काढली हम्फ्री डेव्हीने, १८२४ साली, ब्रिटिश आरमारासाठी. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत. डेव्हीने त्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं इतकं उत्तम वाचलं की त्याच्यावर शेवाळ नि शिंपले सुखाने राहायला आले आणि जहाजं मंदावली. झिजणारं तांबं त्या प्राण्यांना विषारी होतं, वाचलेलं तांबं नव्हतं. शेवटी आरमाराने ती योजना गुंडाळली. आमच्या गीझरमध्ये सुदैवाने शिंपले येत नाहीत.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. ती त्या तारेकडे बघत म्हणाली, "म्हणजे घरातली सूनच म्हण की. स्वतः झिजायचं आणि भांडं टिकवायचं."

"आणि सासू?" सौ.ने आतून विचारलं.

"ती काय आकाशातून पडते? तीही आधी रॉडच होती."

नवा रॉड साडेचारशे रुपयांना आला. दोन वर्षांनी काढून बघायचा, असं प्लंबरने बजावलं. त्याबरोबर रबरी पॅकिंगही नवं, कारण एकदा उघडलेलं जुनं पॅकिंग पुन्हा बसत नाही, गळतं.

त्यानंतर त्याने सेफ्टी व्हॉल्व्ह हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा गंभीर झाला. तो चुन्याने पार बसला होता. हा व्हॉल्व्ह पूर्वी पाणी तापताना ठिबकायचा. गणवेशातल्या तरुणाने "ओके करून देतो" म्हणून त्याच्या तोंडाशी काहीतरी घट्ट केलं होतं आणि ठिबकणं थांबलं होतं. पण त्याने ठिबकायलाच हवं! पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर गेलं की ते साधारण साडेतीनशे मिलिलिटरने फुगतं. भरलेल्या बंद टाकीत ते जाणार कुठे? परतीची वाट एकदिशा झडपेने अडवलेली असते. म्हणून ते थेंब थेंब व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. ते ठिबकतंय म्हणून तोंड आवळणं म्हणजे कुकरची शिट्टी कानाला त्रास देते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवणं. उद्या थर्मोस्टॅट चिकटला, वीज तुटली नाही, कटआउटही चालला नाही, तर कोंडलेली टाकी बाथरूमचं दार घेऊन बाहेर येते. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यांच्या शेवटी, एकटी, आतून कडी लावून अंघोळ करणारी आई आली. मी काही बोललो नाही. नवा व्हॉल्व्ह मात्र किंमत न विचारता बसवायला सांगितला. पुण्यात राहून मी किंमत न विचारता घेतलेली ती पहिली वस्तू असावी. त्याच जोरावर मी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं आणि गळती होताच वीज तोडणारा तो खटकाही बोर्डात बसवून घेतला.

मेहुण्याचं मत अजून शिल्लक होतं. "थर्मोस्टॅट चाळिसावर ठेवा. वीज वाचेल." यात त्याचा हेतू चांगला होता. पण वीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू सुखाने वाढतात आणि ते फुफ्फुसात गेले तर म्हाताऱ्या माणसांना महागात पडतं. साठ अंशांवर ते जगत नाहीत. काटा साठावरच राहिला. पंचवीस लिटर पाणी साठापर्यंत न्यायला साधारण एक युनिट आणि अर्धा तास; तेवढी चैन आम्हाला झेपते.

सगळं जोडून झालं. जोडांना टेफ्लॉनची पट्टी, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळलेले. तेवढ्यात प्लंबरचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला. मेहुणा उठला. "चला, बघू या तापतंय का," म्हणत त्याने बोर्डाकडे हात नेला.

"अहो, हात काढा आधी!"

व्याह्यांकडचा माणूस म्हणून आई त्याला अहो-जाहो करते. संकटातसुद्धा तिचं ते सुटलं नाही. पण आवाज पहाटे पाचचा होता. मेहुण्याचा हात हवेतच राहिला.

"आत पाणी आहे का बघितलंत? आधी पाणी, मग विस्तव."

प्लंबर धावत आला. त्याने आधी गार पाण्याची चावी सोडली आणि गरम पाण्याचा नळ उघडून ठेवला. नळाने पुष्कळ वेळ नुसती हवा काढली, मग खोकला, मग थुंकला आणि मग एकसारखी, न तुटणारी धार लागली. तेव्हा कुठे टाकी भरली. त्याआधी बटण दाबलं असतं तर कोरडं एलिमेंट जळून गेलं असतं. गीझरबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात हीच सूचना चौकटीत, जाड ठशात, तीन भाषांत छापलेली आहे. ती मी नंतर शोधून मेहुण्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हो, मला ठाऊक होतं." प्लंबर मात्र आईकडे वळून म्हणाला, "आजी, तुम्ही कुठं शिकला हे काम?"

"बंबावर," आई म्हणाली. त्याने मान डोलावली. बंब म्हणजे त्याला एखादी कंपनी वाटली असावी.

जाताना त्याने खिशातून आपल्या नावाचा स्टिकर काढला. आई म्हणाली, "ते नको चिकटवू रे बाबा. तिथं कुशीवर तारखा आहेत बघ, त्यांच्या खाली आजची घाल." तो पुन्हा स्टुलावर चढला. मी बॅटरी धरली. २०१३च्या खाली, वडिलांच्या ठसठशीत आकड्यांशेजारी, त्याने तारीख घातली. जरा तिरकी आली. आईने खालूनच विचारलं, "खाली जागा आहे ना अजून?"

"पुष्कळ आहे आजी."

अर्ध्या तासाने गीझरचा लाल दिवा विझला. आतून ना कुर्र ना कडकड. सौ. म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही जा." आईने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा टॉवेल घेतला. दार लागलं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चौकात ऐकलेली आरोळी बाथरूमच्या फरशांवरून दणदणत बाहेर आली:

"अरे, विसण कुठंय?"